दादांची काचपेटी

दादांना काचेवर पुठ्ठा लावलेला बघवत नसे. ज्याने उभं आयुष्य काच कापण्यात घातलं, त्याला तो अपमानच वाटणार. काच असते ती पलीकडचं दिसावं म्हणून. आणि इथे घरातल्या मागच्या खोलीत, त्यांच्या हातच्या अकरा पेट्यांना, त्यांच्याच सख्ख्या भावाने तिन्ही बाजूंनी जाड तपकिरी पुठ्ठे लावून ठेवले होते. दादा त्या खोलीच्या दारात उभे राहत, "च्च" करत आणि परत दुकानात जात. सगळा घोळ त्या पुठ्ठ्यांपासून सुरू झाला, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत. खरं तर घोळ त्याच्या बराच आधीचा होता.

गल्लीत सगळे त्यांना दादाच म्हणत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शेजारचा शिंपीसुद्धा. काही माणसं जन्मतःच थोरली असतात, त्याला इलाज नाही. वडील गेले तेव्हा दादा अठ्ठावीसचे होते आणि धाकटा भाऊ विसाचा. पुढे दुकान, दुकानाच्या मागचं घर, भावाचं लग्न, सगळं दादांनीच निभावून नेलं. रात्री जेवायला बसताना ते आधी डोकी मोजत. थोरली, म्हणजे त्यांची बायको, धाकटा, मग धाकट्याची बायको आली, तिला सगळे धाकटी म्हणू लागले, मग तिची छोटी मुलगी. "सगळे आहेत ना?" दादा विचारत. सगळे असत. मगच ते पहिला घास घेत. आपल्या घरात चौदा वर्षांत भांड्याला भांडं लागलं नाही, हे ते दुकानात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक बिचारं आरशाचं माप घेऊन आलेलं असे.

धाकटा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. रस्त्याच्या कडेच्या लोखंडी पेट्या उघडायच्या, तारांचे गुंते सोडवायचे, हे त्याचं काम. त्या उबदार पेट्यांत पाली राहतात. बाकीचे लाइनमन पेटी उघडली की आधी काठीने ठोकत. हा आधी वाकून बघे. एकदा त्याने शेपूट तुटलेली एक पाल चक्क जेवणाच्या डब्यातून घरी आणली. त्यानंतर थोरलीने तो डबा घासायचं साफ नाकारलं. "लोक घरातल्या पाली बाहेर हाकलतात भाऊजी, तुम्ही बाहेरच्या घरात आणता," ती म्हणाली. धाकटा नुसता हसला. घरात तो कमीच बोलायचा. पण पालींचा विषय निघाला की त्याची जीभ सुटत असे.

"दादा, तुला सगळ्या सारख्याच दिसतात," तो म्हणायचा. "ही बघ, हिच्या बोटांखाली गाद्या आहेत, म्हणून ही काचेवर चढते. या दुसरीला गाद्याच नाहीत, नुसत्या नख्या. ही दगडावर पळेल, काचेवर घसरेल. हिला पापण्या आहेत, ती डोळे मिटते. बाकीच्यांना पापण्या नसतात, त्या जिभेने डोळे पुसतात. ही अंडी भिंतीला चिकटवते, ती मातीत पुरते. एकीला ओल लागते, एकीला ओल सोसत नाही. आता यांना सगळ्यांना पाल म्हणायचं म्हणजे तुला, मला आणि त्या शिंप्याला एकच सदरा शिवल्यासारखं झालं."

नऊ वर्षांत अकरा प्रकार झाले आणि सव्वीस पाली. प्रत्येक प्रकाराला दादांनी त्याच्या सांगण्याप्रमाणे पेटी करून दिली, कुठे उंच, कुठे बसकी. भावासाठी काही करायचं म्हटलं की दादांचा हात सैल होता, हे मान्यच करायला हवं. त्या सव्वीसांत चार पाली अशा होत्या, की ज्यांच्याजवळ बसला की धाकटा जेवायचंही विसरायचा. बोटाएवढ्या, वाळूच्या रंगाच्या, जाड शेपटीच्या. शहराबाहेरच्या एका टेकडीवर केबलसाठी चर खणताना त्याला त्यांतल्या दोन सापडल्या होत्या. पुढे ती टेकडीच सपाट झाली, तिथे गोदामं आली. दोन वर्षं खटपट करून धाकट्याने त्यांची अंडी उबवली होती आणि दोनाच्या चार झाल्या होत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना त्याने फोटो पाठवले. बाईंचं उत्तर आलं, की हा प्रकार आपल्याला कुठल्याच यादीत सापडत नाही, प्रत्यक्ष येऊन बघते. ते पत्र धाकट्याने सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि मग धाकटीला एकटीला पुन्हा वाचून दाखवलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दादांवर अन्याय होईल, किंवा होणार नाही. ज्याने त्याने ठरवावं. त्याच्या दोन वर्षं आधी धाकट्याने एकदा जेवताना विषय काढला होता. टेलिफोन ऑफिसजवळ दोन खोल्या मिळताहेत, कामाला बरं पडेल. दादा म्हणाले, "मी जिवंत असेपर्यंत या घराच्या दोन चुली होणार नाहीत." धाकटा "बरं" म्हणाला. विषय संपला. आपल्या एका शब्दात मिटलं, म्हणून दादा त्या दिवशी खुशीत होते.

मग दूर कुठेतरी मोठं वादळ झालं, शेकडो खांब पडले, आणि धाकट्याची तीन महिन्यांसाठी तिकडे रवानगी झाली. जाण्याआधी त्याने दादांना मागच्या खोलीत नेलं आणि कोणाला काय, कधी, किती, सगळं पेटीगणिक समजावून दिलं. रातकिडे कुठून आणायचे, कोणत्या पेटीत पाण्याचा फवारा मारायचा, कोणत्या पेटीत थेंबही पडू द्यायचा नाही.

"आणि दादा, काहीही झालं तरी यांना एकत्र करू नकोस. पुठ्ठेही काढू नकोस. एकमेकींना नुसत्या दिसल्या तरी काही जणी खाणं सोडतात."

"बघून कुणाचं पोट भरत नाही, तसं बघून कुणाचं बिघडतही नाही रे," दादा म्हणाले.

"बिघडतं," धाकटा म्हणाला. "आणि रोज मोजत बसू नकोस. मोजून काही कळत नाही. शेपटी बघ. शेपटीत त्यांची चरबी असते. शेपटी जाड, तर पाल सुखात."

पंधरा दिवस दादांनी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. अकरा झाकणं उघडा, अकरा झाकणं लावा. सोळाव्या दिवशी मात्र त्यांच्या डोक्यात आलं, की यापेक्षा एकच मोठी पेटी का करू नये? एका टोकाला वाळू, मध्ये दगड, दुसऱ्या टोकाला झाडाच्या साली आणि फांद्या. जिला जे हवं ते तिने घ्यावं. धाकटा परत येईल, कॉलेजातल्या बाई येतील, तेव्हा हे असलं काही त्यांनी जन्मात बघितलं नसेल. मनात शंकेची पाल चुकचुकली नाही असं नाही. पण दादांनी आपल्या मनाला सांगितलं, की सवयीने सगळे सगळ्यांचे होतात. आपलं घर झालंच ना?

आठ दिवस दुकानातली बाकीची कामं बाजूला पडली. सहा फूट लांब, अडीच फूट उंच. कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या, की छोटीने गाल लावला तरी ओरखडा येऊ नये. सांध्यातलं सिलिकॉन त्यांनी बोटाने एका दमात ओढलं, मध्ये कुठे थांबले नाहीत. त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं. आज इतक्या वर्षांनीही ते नाकारता येत नाही, आणि दादांना तेच जास्त लागतं.

"फोनवर त्याला कोणी काही बोलायचं नाही," त्यांनी घरात बजावलं. "आल्यावर डोळे विस्फारले पाहिजेत त्याचे."

पहिला आठवडा दृष्ट लागावी असा गेला. दिवेलागणीला पेटीतला दिवा लावला, की इकडून तिकडून पाली बाहेर येत. शिंपी आला, वाणी आला, वाण्याची सासू खुर्ची घेऊन बसली. दादा सकाळ-संध्याकाळ मोजत. सव्वीस. "बघा," ते म्हणत, "इतक्या जातींच्या, पण एक भांडण नाही."

भांडण नव्हतंच. राखाडी-निळसर रंगाची एक दांडगी पाल होती, ती मधल्या दगडावर बसे आणि खाण्याची थाळी ठेवली की पहिली येई. बाकीच्या तिचं झाल्यावर येत. वाळूतल्या चार जणी त्यांच्याही नंतर. पुढे पुढे त्या येईनाशाच झाल्या. सालींसाठी मारलेल्या फवाऱ्याने वाळूही दमट राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात मोजणी तेवीसवर आली. लपल्या असतील, दादा म्हणाले. मग एकवीस. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. मोजून काही कळत नाही, असं धाकट्यानेच सांगितलं होतं ना! त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग मात्र त्यांना सोयीने आठवला नाही.

धाकटीच्या ते लक्षात आलं होतं. एका दुपारी ती हात पुसत दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. दादांसमोर ती कधी बसून बोलली नव्हती.

"दादा, त्या वाळूतल्या बारीक झाल्यात हो. वेगळ्या काढायच्या का? जुनी पेटी मी धुऊन ठेवलीय."

"लाजतात त्या. होईल सवय."

"यांना एकदा विचारू का फोनवर?"

"आणि सगळी मजा घालवू? अगं, मी आहे ना इथे."

"बरं," धाकटी म्हणाली आणि आत गेली. धुतलेली पेटी तिने पुन्हा माळ्यावर ठेवली. थोरलीने ते पाहिलं आणि तीही गप्प राहिली. या घरात कोणी दादांना दुसऱ्यांदा सांगत नसे.

धाकटा आला तो एका दुपारी, उन्हाने रापून. त्याची बॅग अजून हातातच होती, तोवर दादांनी त्याचे डोळे झाकले आणि त्याला मागच्या खोलीत नेलं. मुलगी टाळ्या वाजवत मागून आली. "उघड," दादा म्हणाले.

धाकट्याने डोळे उघडले आणि बॅग हळूच खाली ठेवली. मग तो गुडघ्यांवर बसला. काचेतून त्याने फारसं बघितलंच नाही. झाकण उचललं आणि हात आत घातला. एक एक दगड, एक एक साल उलटून तो पाली बाहेर काढत गेला आणि धाकटी न सांगता जुन्या पेट्या एकामागून एक आणून देत गेली. चौदा निघाल्या. सात जणींना शेपट्या नव्हत्या. दांडगी पाल मात्र कधी नव्हे इतकी गुबगुबीत झाली होती. सगळ्यात शेवटी, पार कोपऱ्यातल्या सालीखाली, वाळूतल्या चारांपैकी एक सापडली. तिची शेपटी दिव्याच्या वातीएवढी झाली होती. धाकट्याने तिला तळहातावर घेतलं. ती पळालीसुद्धा नाही.

दादा म्हणाले, "पण भांडण एकदाही झालं नाही रे. मी रोज बघत होतो."

"भांडतात ते बरोबरीचे, दादा," धाकटा तळहाताकडे बघत म्हणाला. "आपलं काही चालणार नाही हे ज्याला माहीत असतं, तो भांडत नाही. तो कोपरा धरतो, खाणं कमी करतो. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहे."

मग तो उठला आणि पेटीच्या कडेवरून त्याने एक बोट फिरवलं.

"काम सुरेख झालंय. सांधा कुठे दिसत नाही."

त्याने आरडाओरडा केला असता तर दादांना बरं वाटलं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या, पेटीवर दगड घातला असता, तरी चाललं असतं. संध्याकाळी दुकानाच्या पडद्यामागून त्यांना नवरा-बायकोचं बोलणं ऐकू आलं. "तू मला फोनवर का नाही सांगितलंस?" धाकट्याने विचारलं. "दादा नको म्हणाले होते," धाकटी म्हणाली. धाकटा नुसतं "हं" म्हणाला. ते "हं" दादांच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

वाळूतली ती शेवटची पाल आठव्या दिवशी गेली. धाकट्याने कॉलेजातल्या बाईंना पत्र लिहिलं, की येण्याची तसदी घेऊ नका. ते पत्र टपालपेटीत टाकायला तो दादांच्या समोरूनच गेला. राहिलेल्या पाली त्याने जिथून आणल्या होत्या तिथे तिथे नेऊन सोडल्या. आणि त्याच महिन्यात एक दिवस जेवताना तो म्हणाला, "दादा, दोन खोल्या बघितल्यात. एक तारखेला जातो." या वेळी त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. दादांचा घास हातात राहिला. नको म्हणायला तोंड कुठे होतं? एक तारखेला थोरली रडली, धाकटी रडली, छोटी रडली. दोघे भाऊ सामान चढवत राहिले. त्या रात्री जेवायला बसल्यावर दादांनी सवयीने दाराकडे बघितलं. समोर एकटी थोरली होती. त्यांनी काही विचारलं नाही.

जाणं-येणं तुटलं नाही. महिना-दोन महिन्यांनी बोलावणं होई, दादा-थोरली कपडे करून जात. सगळे नीट बसत, नीट बोलत. कसं चाललंय, ठीक चाललंय. दादांना वाटे, राग धरलाय पोरानं. कधीतरी उतरेल. तीन वर्षं त्यांनी त्या समजुतीवर काढली.

मग एकदा धाकटीच्या बोलण्यात थोरलीला कळलं, की त्यांच्या खिडकीची काच तडकलीय. दुकानाला सुट्टी होती. दादांनी काच कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि न सांगता निघाले. जिना चढताना त्यांना वरून कुणाचं तरी मोठमोठ्याने हसणं ऐकू आलं. अगदी सातमजली. मग तोच माणूस बेसूर गाऊ लागला आणि एक मुलगी "पुरे ना बाबा!" म्हणून किंचाळली. दादांना वाटलं, आपण चुकून भलत्याच मजल्यावर आलो. त्यांनी मजला मोजला. बरोबर होता. दार अर्धवट उघडं होतं.

आत धाकटा जेवायला बसला होता. "वाढ गं अजून," तो म्हणत होता, "हात का आखडतेस? आणि तो मोठा वाटा माझा, कोणी बघायचंसुद्धा नाही तिकडे!" त्याचं पोट सुटलं होतं. गाल भरले होते. चौदा वर्षं दादांच्या समोर बसून जेवताना हा माणूस पहिल्या वाढपानंतर ताटावर आडवा हात धरायचा. धाकट्याची भूकच तेवढी, असं दादा सगळ्यांना कौतुकाने सांगत. त्याचा स्वभावच मुका, असंही सांगत.

दादा दारात किती वेळ उभे होते कोण जाणे. शेवटी काच हातातून घसरायला लागली, म्हणून त्यांनी कडी वाजवली. आतलं हसणं तिथल्या तिथे थांबलं. "ये दादा," धाकटा म्हणाला, आणि तो आवाज दादांच्या ओळखीचा होता, बारीक, घरातला. त्याने आपली खुर्ची दिली. धाकटी वाढायला आली तेव्हा त्याने ताटावर आडवा हात धरला. मुलगी आत निघून गेली. दादांनी मान खाली घालून काच बसवली. खिडकीच्या कट्ट्यावर एक प्लास्टिकचा डबा होता, बाजारातून आणलेला, झाकणाला भोकं पाडलेला. आत साधी भिंतीवरची पाल होती, एकटी. तिची शेपटी चांगली जाड होती.

घरी येऊन दादा थोरलीला म्हणाले, "तो रागावलेला नाहीये गं."

"मग चांगलंच की," थोरली म्हणाली.

"चांगलं कसलं? राग असता तर गेला असता." आणि मग, बऱ्याच वेळाने: "चौदा वर्षं मोजत होतो गं मी. सगळे आहेत, सगळे आहेत, म्हणून."

 थोरलीने त्यांच्याकडे असं बघितलं, की हे तिला केव्हापासून माहीत होतं ते दादांनी विचारलंच नाही.

ती सहा फुटी पेटी अजून मागच्या खोलीत होती. माशांसाठी ती मागायला दोघेतिघे येऊन गेले होते, दादांनी दिली नव्हती. पुढच्या सुट्टीला त्यांनी ब्लेड घेतलं आणि सांधे उकलायला बसले. अख्खा दिवस गेला. काम पक्कं झालं होतं ना! मग त्यांनी हिऱ्याच्या कणीने समोरची काच कापली आणि तिच्यातून एक लहान पेटी केली, एका पालीपुरती. पुठ्ठा आणला, मापाने कापला आणि तिन्ही बाजूंना स्वतःच्या हाताने चिकटवला. कडेला बुडबुडा राहिला तो अंगठ्याने दाबून काढला.

पुन्हा सुट्टीचा दिवस बघून ते ती पेटी घेऊन गेले. जिन्यावर वरून बोलणं ऐकू येत होतं. धाकटा कुणाची तरी नक्कल करून दाखवत होता आणि दोघी पोट धरून हसत होत्या. दादांनी पेटी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. कडीकडे हात गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. चपला हातात घेऊन ते खाली उतरले.

संध्याकाळी फोन वाजला.

"दादा, पेटी मिळाली."

"हं."

"पुठ्ठे तू लावलेस?"

"हो. बरोबर लागलेत का?"

"बरोबर लागलेत."  मग धाकटा म्हणाला, "वर का नाही आलास?"

"दुकान उघडं टाकून आलो होतो रे," दादा म्हणाले.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, हे धाकट्याला माहीत होतं. तो "बरं" म्हणाला.